तुळशीदासांची तीन कारणं

हेमांगीशी वाद घालायला तिच्या सासरचे आणि माहेरचे, दोन्हीकडचे लोक टरकून असत. विरारच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती बरीच वर्षं तर्कशास्त्र शिकवत होती, आणि पुस्तकातले तर्कदोष वर्गातच ठेवून घरी यावं एवढं भान तिला नव्हतं. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये नवरा, संकेत, जेवताना सहज म्हणाला की, "अगं, सोसायटीत सगळे तेच म्हणतायत," तर ही पोळी वाढता वाढता विचारी, "आणि सगळेच चुकत असतील तर?" बिचारा मग मीठ मागतानाही शब्द जपून वापरायचा.

पुस्तकातल्या जड नावांनी मुलं पेंगतात, म्हणून दोषांना तिने घरगुती नावं पाडली होती. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच घडली असं धरून चालणं, हे 'मागून आली'. मोठं माणूस म्हणालं म्हणून खरं, हा 'मोठ्यांचा शिक्का'. आज एवढं केलंत तर उद्या सगळं रसातळाला जाईल, ही 'घसरगुंडी'. मुलांना ही नावं पटकन पाठ व्हायची आणि ती घरी जाऊन आईबापांवर चालवायची. एका पालकाने तशी तक्रारही केली होती. हेमांगीला ती शाबासकीच वाटली.

तेव्हा धवलने तिला रविवारी माहेरी, निर्मळला बोलावलं, ते काही केवळ भावाच्या मायेने नव्हे.

धवल तिचा धाकटा भाऊ. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्या नोकरीला विटला होता. त्यांच्या निर्मळच्या वाडीत केळी होती, सोनचाफ्याची झाडं होती, थोडी भाजी होती, आणि घरासमोर बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी त्यावर रहाट चालायचा, आता पंप होता. धवलच्या डोक्यात वाडीत लग्नाचं लॉन काढायचं होतं, आणि लॉन म्हटलं की गाड्या आल्या. गाड्यांसाठी बावखल बुजवायचं, असं त्याचं ठरलं होतं. फक्त बाबा, म्हणजे तुळशीदास, नाही म्हणत होते.

"ताई, तूच बोल त्यांच्याशी," तो फोनवर म्हणाला. "तुझ्यापुढे त्यांचं काही चालायचं नाही."

हेमांगी सुखावली, हे लपवण्यात अर्थ नाही. वाडीच्या कारभारात या घराने तिला कधी विचारलं नव्हतं. लग्नाआधी नाही, लग्नानंतर तर नाहीच. आता चार माणसांत बसायला बोलावणं आलं होतं. ती स्कूटरवर निघाली ती मनातल्या मनात मुद्दे मांडतच.

ओटीवर सगळे जमले होते. तुळशीदास खांबाला टेकून बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा. घरच्या घरी बोलायचं तर इस्त्रीचा सदरा कशाला, असं हेमांगीच्या मनात येऊन गेलं. त्यांची मोठी बहीण रखमाबाई भिंतीशी वाती वळत होती. नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहायची. धवलची बायको स्वप्ना चहा देऊन दारात उभी राहिली.

धवलने सुरुवात केली. "नंदाखालपासून आगाशीपर्यंत बघा. सगळ्यांनी बावखलं बुजवली. आपणच धरून बसलोय. आणि सरळ हिशेब आहे. एक तर हे बुजवायचं, नाहीतर उद्या अख्खी वाडी विकायची. केळ्यावर घर चालत नाही आता."

"तुमचं काय म्हणणं आहे, बाबा?" हेमांगीने विचारलं. आवाज तिचा वर्गातलाच होता.

तुळशीदासांनी घसा साफ केला. "माझे आजोबा सांगायचे, बावखल बुजवायचं नाय. त्यांना काय ते कळत असेल ना?"

"तुमच्या आजोबांना पुष्कळ कळत असेल. पण ते म्हणाले एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. ते म्हणायचे मुलींना सातवीच्या पुढे शिकवू नये. तेही ऐकायचं होतं का?"

स्वप्ना पदराआड हसली. तुळशीदासांनी मान हलवली, ते बरोबर आहे अशी.

"बरं. तो शेजारचा रोनाल्ड. त्याने बावखल बुजवलं आणि वर्षाच्या आत त्याला अर्धांगाचा झटका आला. चांगला धडधाकट माणूस."

"त्याच वर्षी त्याने नवीन फ्रीजही घेतला, बाबा. फ्रीजमुळे आला का झटका? मागून आलं म्हणजे त्याच्यामुळे आलं असं नसतं."

आता धवलही हसला. तुळशीदास थोडे पुढे सरकून बसले. त्यांच्याकडे अजून एक होतं.

"आज बावखल गेलं की उद्या केळी जातील. मग चाफा जाईल. मग हे घर. मग आपण तुझ्यासारखे आचोळ्याला, चौथ्या मजल्यावर."

"ही घसरगुंडी झाली," हेमांगी म्हणाली. "मधल्या एकेका पायरीला पुरावा काय? एक तळं बुजलं म्हणजे घर जातं, असं कुठे ठरलंय?" आणि तिला राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाली, "शिवाय चौथ्या मजल्यावर माणसंच राहतात."

रखमाबाईच्या हातातली वात थांबली. तुळशीदास आपल्या पंजांकडे बघत म्हणाले, "मग माझ्याकडे दुसरं कारण नाय. बुजवा."

"झालं तर," धवल मांड्यांवर थाप मारून उठला. "म्हणजे न बुजवायला काही कारणच नव्हतं. मंगळवारी सकाळी डंपर येतील." डंपरवाल्याशी त्याचं आधीच बोलणं झालेलं होतं, हे तेव्हा कळलं.

'म्हणजे कारणच नव्हतं' हे वाक्य हेमांगीच्या कानाला कुठेतरी खटकलं. पण सगळे तिचं कौतुक करत होते, आणि कौतुकाच्या वेळी माणूस खटकलेलं तपासत नाही. तुळशीदासांनी नेहमीप्रमाणे तिच्या डिकीत केळ्याची फणी ठेवली, पण नेहमीसारखे फाटकापर्यंत आले नाहीत.

सोमवारी बारावीच्या वर्गात नेमका हाच धडा होता. ताजं उदाहरण हाताशी असताना जुनं कशाला, म्हणून हेमांगीने बापाची तीनही वाक्यं, नाव न घेता, फळ्यावर लिहिली. रोनाल्डच्या झटक्याला वर्ग खदखदून हसला. मुलांनी दोष धडाधड ओळखले. सगळा तास असा रंगला की तिलाच मजा वाटली.

शेवटची दहाएक मिनिटं उरली तेव्हा ती धड्याच्या शेवटच्या मुद्द्यावर आली. हा मुद्दा ती दर वर्षी शिकवायची आणि त्याचं उदाहरणही दर वर्षी तेच असायचं. "समजा, कोणी म्हणालं, आज सोमवार आहे, कारण सकाळी मांजर आडवं गेलं. कारण कसं आहे?"

"फालतू," वर्ग म्हणाला.

"मग आज सोमवार नाही का?"

वर्ग हसला. आज सोमवारच होता. "तेव्हा लक्षात ठेवा," हेमांगी फळ्याकडे वळून म्हणाली, "कारण चुकलं म्हणून म्हणणं चुकलं, असं..."

आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं. फळ्यावर बापाची तीन वाक्यं होती, प्रत्येकावर तिने मारलेली लाल खडूची फुली होती. बावखल बुजवावं की नाही, याबद्दल त्या फळ्यावर एक अक्षर नव्हतं. ते तिने काल तपासलंच नव्हतं. तपासला होता तो फक्त बाप. धवलचं 'सगळ्यांनी बुजवली' आणि 'एक तर हे नाहीतर ते', ही दोन्ही तिच्या समोरून गेली होती आणि तिने ती जाऊ दिली होती, कारण बोलावणं धवलचं होतं. वर्गातल्या पोरीने असा पेपर लिहिला असता तर तिने तिला निम्मेही मार्क दिले नसते. तिला मनापासून लाज वाटली.

कॉलेज सुटल्यावर तिने स्कूटर आचोळ्याकडे न वळवता निर्मळकडे घेतली.

तुळशीदास बावखलाच्या काठावर होते. लांब बांबूला जाळी बांधून पाण्यावर पडलेली पानं ओढून काढत होते. काठाला ओल्या पानांचा ढीग जमला होता.

"उद्या बुजवायचंय ना, बाबा? मग आज साफ कशाला करताय?"

"पानं पडलीत म्हणून," ते म्हणाले आणि जाळी पुन्हा पाण्यात टाकली.

"काल माझं चुकलं."

"नाय, तुझं बरोबर होतं. मी विचार केला त्याच्यावर. रोनाल्डला आधीपासूनच रक्तदाब होता. आणि आजोबा बऱ्याच गोष्टी चुकीच्या सांगायचे."

"तसं नाही. तुमची कारणं चुकली म्हणून तुम्ही चुकलात असं होत नाही. बावखल बुजवलं की आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या होतात, असं मी पण ऐकलंय. पलीकडच्या आळीत एक झालीच की."

"एका विहिरीवरून?" तुळशीदासांनी तिच्याकडे पाहिलं. "मग ते पण 'मागून आलं'च झालं. आणि हेमा, तुला आता माझी दया आली म्हणून मी बरोबर ठरत नाय."

विद्यार्थी इतका तयार निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. काठावरच्या दगडावर ती बसली.

"कारणं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

तुळशीदासांना प्रश्न कळलाच नाही असं दिसलं. आणि त्यात नवल नव्हतं, कारण त्या घरात 'मला हवंय' असं कोणी कधी म्हणतच नसे. हेमांगीच्या आजोबांना चहाची तलफ आली की ते म्हणत, सगळ्यांना चहा टाका. आईला, ती होती तेव्हा, साडी हवी असली की ती म्हणे, जुनी विरली. खुद्द हेमांगीने पुढे शिकायचा हट्ट धरला तेव्हा 'मला शिकायचंय' असं नव्हतं सांगितलं. पगार घरात येईल, असं सांगितलं होतं. हवंसं वाटणं हे या घरात कमीपणाचं होतं. त्याला आधी कारणाचे कपडे घालावे लागत, मगच ते ओटीवर आणता येई.

"सकाळी दार उघडलं की समोर पाणी दिसतं," तुळशीदास अखेर म्हणाले. "जन्मापासून दिसतंय. उद्या दार उघडलं आणि गाड्या दिसल्या, तर ते मला नको. बास." ते जरा ओशाळले. "पण हे काय कारण नाय ना? चार माणसांत काय सांगायचं? तू येणार कळलं, तू प्रोफेसर, म्हणून शनिवारभर बसून कारणं जमवली. तीन सापडली."

इस्त्रीचा सदरा त्याच्यासाठी होता तर. परीक्षेला बसल्यासारखा बाप आपल्यासमोर बसला होता आणि आपण त्याला तीनपैकी शून्य दिले. तिने त्यांच्या हातातला बांबू घेतला आणि उरलेली पानं काढू लागली.

संध्याकाळी धवल कामावरून आला. हेमांगीला पुन्हा ओटीवर बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. तिने बोलायला सुरुवात करताच तो म्हणाला, "ताई, रविवारी एक आणि सोमवारी दुसरं?"

"हो. काल मी अर्धंच काम केलं. बावखल नाहीतर वाडी, या दोनच वाटा आहेत असं तू म्हणालास आणि मी मान डोलावली. ते मी तपासायला हवं होतं. विहिरी खाऱ्या होतात म्हणतात, त्यातलं खरं काय, ते मला माहीत नाही, तुलाही नाही. पण न बुजवलेलं तळं पुढे कधीही बुजवता येतं. बुजवलेलं परत आणता येत नाही. माहीत नसताना यातली कुठली चूक करायची?"

"वर्गात ठीक आहे हे," धवल म्हणाला. पायातले बूट काढून त्याने ते भिंतीशी आपटले. "मला त्या कारखान्यात आणखी वर्षं काढायची नाहीत. रोज दुसऱ्याच्या शिव्या खाऊन माझा जीव गेलाय. लॉन, पार्किंग, सगळं सोड. मला फक्त बाहेर पडायचंय."

हे त्याने रविवारी सांगितलं नव्हतं. स्वप्नाने सुद्धा चमकून त्याच्याकडे पाहिलं.

तुळशीदास खांबाला टेकून ऐकत होते. अंगात घरातलाच बनियन होता, त्याला पाण्याचे डाग पडले होते. "कर लॉन," ते म्हणाले. "माझ्या रस्त्याकडच्या केळी काढ, तिथे गाड्या लाव. कमी लागतील, लागू दे." मग थांबले. पुढचे शब्द काही केल्या तोंडातून निघेनात, हे सगळ्यांना दिसत होतं. रखमाबाईने सुद्धा वर पाहिलं. "पण ते पाणी मला हवंय, धवल."

धवल आजोबांची साक्ष खोडायला तयार होता, रोनाल्डचा झटका खोडायला तयार होता. यात खोडण्यासारखं काही नव्हतं. मग तो खिशातून फोन काढून अंगणात गेला, आणि उद्या गाड्या पाठवू नका, असं त्याने डंपरवाल्याला सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं. डंपरवाला बहुधा बरंच काही बोलत होता, कारण धवल नुसता हं-हं करत होता.

परत आला तेव्हा राग होताच त्याच्या आवाजात, पण राग आता कोणावर काढावा ते कळत नसल्यासारखा. "एवढंच होतं, बाबा, तर काल का नाही बोललात?"

तुळशीदासांनी एकदा हेमांगीकडे पाहिलं, मग धवलकडे. कुणावर ठपका ठेवावा असं त्यांच्या मनात काही नव्हतं. विचारलं म्हणून जे होतं ते सांगितलं.

"काल तुम्ही कारणं विचारली होती," ते म्हणाले.