डाव्या हाताचा रकाना

रकाना सातवा. अंगावरील ओळखीच्या खुणा.

"डाव्या हाताला, कोपराच्या खाली, डागाचे पाच गोल वण," मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून रूपचंद यांनी वाचलं आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. "बाही वर कर."

समोर उभ्या असलेल्या उदेसिंगानं बाही वर केली नाही.

गोष्ट इथूनच सांगायला हवी, सातव्या रकान्यापासून. पहिले सहा बिनचूक होते, आणि बिनचूक रकान्यांबद्दल कुणी कधी काही सांगत बसत नाही.

साल १९३८, मार्गशीर्ष महिना. टेबलावर जाड, पिवळसर कागदाचं प्रवेशपत्र पडलं होतं. महसूल खात्यातल्या कारकुनीची परीक्षा धुळ्याला व्हायची होती, दहा दिवसांनी. तालुक्यातून अठरा उमेदवार. सतरा जण येऊन खुणा दाखवून पत्रं घेऊन गेले होते. कुणाच्या भुवईवर घावाचा वण, कुणाच्या गालावर तीळ. मागच्या साली एकाच्या जागी दुसराच बसून पेपर लिहून गेला, तेव्हापासून खुणा पडताळल्याशिवाय पत्र हातात द्यायचं नाही, असा हुकूम होता.

दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई सुकलाल म्हणाला, "लाजी काय ऱ्हायना भो, वर कर ना."

"साहेब, मी शुक्रवारी येतो," उदेसिंग म्हणाला.

"का? हात घरी विसरलास?"

सुकलाल हसला. रूपचंद हसले नाहीत. ते ब्राह्मणपुरीचे, गुजर घरातले, केळीच्या बागा सोडून वीस वर्षं कागदात रमलेले. कागद आणि माणूस जुळला नाही की त्यांना कसंसं व्हायचं.

"शुक्रवारी ये. शनिवारी उरलेली पत्रं धुळ्याला परत जातात. मग मामलेदारसाहेबही काही करू शकत नाहीत."

रकाने एक ते सहा.

नाव, उदेसिंग. बापाचं नाव, वाहरू पाडवी, मयत. जात, भिल. गाव, अक्राणी महालातलं, जिथं पोस्टमन जात नाही. वय एकवीस. हे वय आईनं मोठ्या साथीच्या आदल्या पावसाळ्यावरून मोजलेलं, आणि बोर्डिंगच्या हेडमास्तरांनी त्याला तारीख चिकटवलेली. शिक्षण, व्हर्नाक्युलर फायनल, वर्ग पहिला.

अंदाजानं लिहिलेलं वय कुणी तपासलं नाही. डोळ्यांनी दिसणारा हात मात्र अडला.

रकाना सातवा, मागून.

उदेसिंगाच्या गावात पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्या डाव्या हाताला डागतात. पेटलेल्या काडीचं टोक, पाच वेळा, ओळीनं. पोरानं रडायचं नाही. मेल्यावर वरच्या घरी हात पुढे करावा लागतो, डाग असेल तर आत घेतात, नसेल तर माणूस दाराशीच राहतो. खोऱ्यात शंभर हात मोजले तर शंभरांवर पाच-पाच डाग सापडतील.

उदेसिंगाच्या हातावर एकही नव्हता. हात कोवळ्या बांबूसारखा साफ.

म्हणून तो लांब बाह्यांचा सदरा घालायचा. गावात घालायचा, कारण डाग नाहीत हे दिसू नये. खाली बोर्डिंगमध्ये घालायचा तेव्हा मात्र सगळ्यांना उलटंच वाटायचं: पोरगा शिकला, शहाणा झाला, आता डागांची लाज वाटते त्याला. हेडमास्तर मनानं मऊ. अर्ज भरताना त्यांनी बाही वर करायला सांगितलंच नाही. कशाला पोराला शरमिंदं करा? भिलाचा हात, म्हणजे डाग असणारच. त्यांनी लिहून टाकलं आणि खाली 'समक्ष पाहिले' म्हणून सही ठोकली. उदेसिंगानं अर्जावर सही केली ती घाईत, शेवटच्या ओळीखाली. सातवा रकाना त्यानं वाचलाच नव्हता. कारकून व्हायला निघालेल्या माणसानं.

रकान्याबाहेर.

त्याच संध्याकाळी बोर्डिंगच्या ओसरीवर हेडमास्तरांनी तो साफ हात पाहिला.

"मला वाटलं, तू झाकतोस."

"झाकतच होतो, गुरुजी."

"आता मी काय लिहू? समक्ष पाहिले म्हणून माझी सही आहे तिथं." ते उठले, परत बसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यात हे असतंच ना रे? मग करून घे. आज सोमवार. शुक्रवारपर्यंत खपली धरेल. वण नवा की जुना, रूपचंद काय भिंग घेऊन बसणार आहेत?"

नऊ वर्षं याच ओसरीवर गुरुजींनी त्याला सांगितलं होतं की डागणं ही अडाणी चाल आहे.

रकाना सातवा, डोंगरावर.

वर चढायला दीड दिवस लागला. चढताना त्याचं मन दोन्ही बाजूंनी बोलत होतं. एक म्हणायचं, पाच डाग, दहा श्वास, संपलं. परीक्षाही मिळेल आणि वरचं घरही. दुसरं काहीच म्हणायचं नाही, नुसता वास आठवून द्यायचं. त्या काडीच्या धुराचा.

काका खात्या खळ्यावर ज्वारीच्या पेंढ्या उलट्या करत होता. तो गावचा पाटील, आणि गावातल्या पोरांना डागणाराही तोच. उदेसिंगानं सगळं सांगितलं. खात्यानं काम थांबवलं नाही.

"म्हणजे तुला डाग पाहिजेत."

"हो, काका."

"शुक्रवारच्या आत."

"हो."

"नाही देणार."

उदेसिंगाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. इतकी वर्षं हाच माणूस दर होळीला म्हणायचा, अजून वेळ गेली नाही, बस माझ्यासमोर.

"ते वर दाखवायचे असतात," खात्या म्हणाला. "कचेरीत दाखवायला मी कुणाला डागलं नाही. आणि तुझी भीती कुठं गेलीय? विस्तवाची होती, आता रूपचंदाची आहे. एक भीती काढून दुसरी घातलीस."

"मग परीक्षा गेली."

"का जाईल? मी पाटील आहे. परवा नदीत एक मढं सापडलं, ते कोण हे सांगायला सरकारनं मलाच बोलावलं. मढं ओळखतो, तर तुला ओळखणार नाही? चल. माणूस हाच म्हणून सांगतो. डाग का नाहीत, तेही सांगतो."

नेमकं तेच उदेसिंगाला नको होतं. डाग का नाहीत, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं, पण खाली कुणालाच नाही. खाली तो वर्ग पहिला होता. कचेरीत ते सांगितलं जाणार, लिहिलं जाणार, आणि पास झाला तर त्याच कचेरीत त्याच माणसांसमोर त्याला जन्मभर बसायचं होतं.

तो रात्रभर घरात पडून राहिला. सकाळी खात्या खांद्यावर धारी, लांब दांड्याचा कोयता, टाकून दारात उभा होता, तेव्हा तो निघाला.

रकाना सातवा, शुक्रवार.

"बाही," रूपचंद म्हणाले.

उदेसिंगानं वर केली. रूपचंदांनी हात हातात घेतला, अंगठा चोळून पाहिला, उलटा करून पाहिला, मग उजवाही पाहिला.

"मग हा कागदावरचा उदेसिंग कोण? आणि तू कोण?"

"हे आमच्या गावचे पाटील. ते सांगतील."

"सांगू देत. पण भिलीचा दुभाष्या आज रजेवर आहे." रूपचंदांनी सुकलालकडे पाहिलं.

"मले नुसतं बाजारनं येस, साहेब. कोंबडी, मध, इतलंच," सुकलाल म्हणाला.

"मग तूच सांग मराठीतून," रूपचंद उदेसिंगाला म्हणाले. "गाळायचं नाही, घालायचं नाही."

असं झालं. आपली कथा आपल्याच तोंडानं दुसऱ्याच्या भाषेत वाहायची वेळ त्याच्यावर आली. हवं ते वाहता आलं असतं. खोलीत दोन्ही भाषा कळणारा तो एकटाच होता.

खात्या बोलला. मग थांबला.

"हा माझ्या भावाचा मुलगा, मी याला जन्मल्यापासून ओळखतो," उदेसिंग म्हणाला.

खात्या बोलला.

"खोऱ्यातल्या पुरुषांत साफ हाताचा हा एकटाच. आठ वर्षांचा असताना याला डागायला बसवलं." याला. आपल्याबद्दल 'याला' म्हणणं सोपं गेलं. "काडी पेटलेली पाहून हा पळाला. तीन दिवस नाल्यापलीकडे लपून राहिला."

सुकलालनं हसू दाबलं. उदेसिंगानं ते पाहिलं आणि पुढे गेला.

"याच्या पाठचा भाऊ दलसिंग, पाच वर्षांचा. विस्तव पेटवलेला फुकट जाऊ नये म्हणून तो स्वतः येऊन बसला. रडला नाही."

खात्या आणखी बोलला. लांबलचक बोलला, खाली जमिनीकडे पाहत. आणि उदेसिंग गप्प झाला.

रूपचंदांची लेखणी वाट पाहत राहिली. "पुढे?"

"एवढंच."

"एवढंच? बराच वेळ बोलत होते ते."

बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला. खात्या पुतण्याकडे पाहत होता. त्याला मराठी येत नव्हती, पण शब्द कमी पडले हे त्यालाही कळलं असावं.

"ते म्हणाले," उदेसिंग सावकाश म्हणाला, "म्हणून आम्ही याला शाळेत घातलं. दलसिंगाला नाही घातलं. जो विस्तवाला भ्यायला तो डोंगरात टिकायचा नाही, त्याला खाली पाठवा, असं गावानं ठरवलं."

आजवर त्याची समजूत वेगळी होती. आपण हुशार म्हणून गावानं आपल्याला निवडलं, असं तो धरून चालला होता. बोर्डिंगमध्ये पहिला नंबर आला की त्याला वाटायचं, गावाची निवड खरी केली. दलसिंग आता चुलत्याचं शेत करायचा आणि अक्षर ओळखायचा नाही. त्याच्याबद्दल उदेसिंगाला कधीकधी कीव यायची. त्या कीवेचं आता काय करायचं, हे त्याला कळेना.

रूपचंदांनी लेखणी खाली ठेवली. "हे शेवटचं लिहायची गरज नाही," ते म्हणाले. "मलाही घरच्यांनी शेतीला नालायक म्हणूनच शिकवलं." मग त्यांनी शाईत टाक बुडवला.

शेरा.

'सातव्या रकान्यातील मजकूर चुकीचा. उमेदवाराच्या हातावर डाग नाहीत. लहानपणी डागण्याच्या वेळी पळून गेला. गावचे पाटील समक्ष. खोऱ्यातील पुरुषांमध्ये हात साफ असलेला हाच एक, तीच ओळख.'

हेडमास्तरांबद्दल एक शब्द नव्हता. मामलेदारसाहेबांची सही होऊन कागद परत आला, तेव्हा रूपचंदांनी तो उदेसिंगापुढे सरकवला.

"वाच. सगळे रकाने वाच या वेळी. मग खाली सही कर, मजकूर खरा आहे म्हणून." मग ते म्हणाले, "'पळून गेला' एवढं खोडायचं असेल तर खोडतो. पण खाडाखोड झालेलं पत्र धुळ्याचे लोक मानतीलच असं नाही. हे मी सांगून ठेवतो."

उदेसिंगानं पहिल्या रकान्यापासून वाचलं. नाव, बाप, जात, गाव. वयाशी जरा थांबला. मग शेरा. एकदा वाचला, परत वाचला. धुळ्याला दारावर उभा असलेला माणूस हे वाचणार. पास झाला तर पत्र दप्तरात लागणार, आणि तो मेल्यावरही ते शब्द तिथं असणार. कुठल्याही डागापेक्षा जास्त टिकणार.

आणि मजकूर खरा होता.

"राहू द्या," तो म्हणाला आणि सही केली.

"काय लिहिलंय?" खात्यानं विचारलं.

उदेसिंगानं वाचून दाखवलं, या वेळी मराठीतून भिलीत. शब्द न शब्द.

खात्यानं मान हलवली. "बरं झालं. आता कुणी विचारलं तर मला एवढं खाली उतरायला नको." मग धारी उचलून म्हणाला, "धुळ्याला जाताना दलसिंगाला घेऊन जा. त्यानं मोठं गाव पाहिलेलं नाही."

"तो येईल?"

"विचार की. तुझ्या तोंडानं विचार."

सुकलालनं दोघांना पाणी दिलं. धुळ्याच्या वाटेवरची दोंडाईच्याची मोटर सोमवारी होती. वर जाऊन, भावाला विचारून, परत उतरायला तेवढा वेळ जेमतेम पुरणार होता. पाणी पिऊन ते लगेच निघाले.