शेवटची रांग

फुलपाड्याच्या त्या इमारतीत पाणी पहाटे यायचं आणि तेही वर चढायचं नाही. धरणाचं पाणी येणार, येणार म्हणताना दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या. गच्चीवरच्या टाकीवर कबुतरं बसायची. खाली जिन्याशेजारच्या एकुलत्या नळाला थोडा वेळ धार धरायची. तेवढ्यात ज्याने त्याने आपलं भरून घ्यायचं आणि जिना चढून वर न्यायचं.

तिसऱ्या मजल्यावर हरिभाऊ अंथरुणात पडल्या पडल्या ते सगळं ऐकत. आधी नळावरचा गलका, मग जिन्यातल्या चपला. मंदाची चप्पल त्यांना बरोबर ओळखू येई, कारण तिचा डावा पाय किंचित घासायचा. पहिला मजला ती एका दमात चढे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हंडा टेकवल्याचा आवाज होई, आणि मग काहीच ऐकू येत नसे. ते थांबणं हरिभाऊंना सोसवत नसे. पूर्वी हेच हंडे ते दोन हातांत दोन असे घेऊन चढत, आणि वर आल्यावर मंदालाच विचारत, "आणखी काही रिकामं आहे का?"

दिवाळीत माळ्यावरचे डबे काढताना त्यांची पाठ धरली ती धरलीच. सकाळी उठायचं म्हणजे एका कुशीवर व्हायचं, पलंगाची कड पकडायची, आणि ओल्या लाकडासारखं अंग हळूहळू उभं करायचं. पायमोजे मंदा घालून देई. शेजारच्या विघ्नेशने काही दिवस त्यांचं पाणी वर आणून दिलं, पण त्याच्याही घरी आजारी आई होती, तान्हं मूल होतं. मंदाने एक दिवस त्याला आपणच नको म्हणून सांगितलं. मुलगा देवेंद्र नोकरीनिमित्त नागपूरला. तो फोनवर म्हणाला, इकडे या. दोघांनीही ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

हरिभाऊ वसईकडच्या एका शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांची शिट्टी वाजली की मैदानाच्या कडेच्या चिंचेवरचे कावळेसुद्धा उडत, असं पोरं म्हणायची. त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून, मणक्यांची वयाप्रमाणे झीज आहे, गोळ्या थोड्याच दिवस घ्या आणि हलका व्यायाम सुरू करा, असं सांगितलं तेव्हा हरिभाऊंना हसावं की रडावं ते कळेना. संध्याकाळी त्यांचे जुने सहकारी प्लासिड मास्तर वाडीतली वेलची केळी घेऊन स्कूटरवरून आले. त्यांना ही हकिकत सांगितली, तर ते इतके हसले की चहा बशीत सांडला.

"म्हणजे हरिभाऊ, अख्ख्या तालुक्याला तुम्ही व्यायाम शिकवला आणि स्वतःचा तेवढा राहून गेला," ते म्हणाले. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

व्यायाम शिकवणारी बाई प्लासिड मास्तरांनीच शोधून दिली. तिचं नाव अश्लेषा. तिचे वडील हरिभाऊंच्या हाताखालून गेलेले, म्हणून तीही त्यांना 'सर'च म्हणे. तिने त्यांना जाड सतरंजीवर उताणं निजवलं, गुडघे वाकवायला लावले, आणि श्वास सोडताना कंबर हलकेच जमिनीला टेकवायची, एवढंच सांगितलं. मग एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यायचा, येईल तेवढाच. मग हातापायांवर ओणवं होऊन, मांजर झोपेतून उठल्यावर पाठ उचलतं तशी पाठ सावकाश उचलायची आणि सोडायची. शिवाय घरातल्या घरात थोडं चालायचं. दुखायला लागलं की थांबायचं. आणि मोजायचं नाही.

"मोजायचं नाही म्हणजे?" हरिभाऊंनी विचारलं.

"आकड्याच्या मागे लागलात की तुम्ही शरीराचं ऐकणार नाही, सर. श्वासावर चाला."

घरी येताना रिक्षात त्यांच्या मनात तेच घोळत होतं. हे असलं पाळण्यातल्या पोराचं लोळणं! जन्मभर ज्याने 'एक-दोन-तीन-चार'वर शेकडो हात एका वेळी वर नेले, त्याला म्हणे मोजायचं नाही. दोन-तीन दिवस त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. पाठ किंचित मोकळी झाल्यासारखी वाटली. आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. जे थोडं केल्याने थोडं बरं वाटतं, ते पुष्कळ केलं तर पुष्कळ बरं वाटेल, हा कवायतीच्या मास्तराचा हिशेब. मंदा पाण्याला खाली गेली की ते कॅनव्हासचे बूट पायात सरकवून, नाड्या तशाच लोंबत्या ठेवून, गच्चीवर जाऊ लागले. बाहू वर, बाहू बाजूला. कमरेतून डावीकडे झटका, उजवीकडे झटका. शेवटी खाली वाकून बोटांनी अंगठे धरायचे. अंगठे हाती लागत नव्हते, पण रोज थोडे जवळ येताहेत असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. तोंडाने आकडे चालूच.

आठवडाभरात ते जिना उतरून नळावर आले. मंदाने कपाळाला हात लावला. भरलेला हंडा तिच्यासमोर होता. हरिभाऊ म्हणाले, "बाजूला हो," आणि पूर्वीसारखे सरळ कमरेतून वाकले.

ते वर आलेच नाहीत. वाकले तसे वाकलेलेच राहिले. हंडा कलंडला, पाणी लोकांच्या पायांतून गटाराकडे गेलं, आणि एवढ्या महागाच्या पाण्याकडे कुणी पाहिलंही नाही. विघ्नेशने आणि आणखी कुणीकुणी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरपी होई. सगळी दारं उघडी होती. ज्या पोरांना ते संध्याकाळी अंगणात लंगडी शिकवत, ती पोरं कठड्याला चिकटून उभी होती. एकही हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं हरिभाऊंना वाटलं.

त्यानंतरचे दिवस फार लांबले. आता मंदाला पाणीही आणावं लागे आणि त्यांना न्हाणीघरापर्यंतही न्यावं लागे. अश्लेषा घरी येऊन पाहून गेली. रागावली नाही. शेक द्यायला सांगितला, नुसतं पडून राहू नका म्हणाली, घरात दोन पावलं का होईना चालत राहा, आणि वेदना उतरली की पुन्हा पहिल्यापासून, तसंच सावकाश. हरिभाऊंनी मान भिंतीकडे वळवली. सतरंजी मंदाने गुंडाळून दाराआड उभी केली होती. ती तशीच उभी राहिली.

एका दुपारी मंदा तांदूळ निवडायला पलंगापाशी बसली. ताटातले तांदूळ पसरताना मध्येच थांबून ती उजवं मनगट दाबत होती. हरिभाऊ बघत होते. ते मनगट सुजलं होतं आणि कधीपासून सुजलं होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. पाठ धरल्यापासून ते फक्त स्वतःच्या पाठीकडे बघत होते.

"दाखव," ते म्हणाले.

"काय दाखव? हंड्याच्या काठाने होतं तेवढं." तिने हात पदराखाली घेतला. थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "अहो, तुमच्या कवायतीत ती शेवटची रांग असायची ना? अशक्त पोरांची."

"असायची. त्याचं काय?"

"मी एकदा तुमचा डबा घेऊन आले होते मैदानावर. पुढच्या रांगा तुमच्या शिट्टीवर धाडधाड हलत होत्या आणि तुम्ही मागे जाऊन त्या पोरांशी बोलत होता. एक मुलगी होती, पायाने अधू."

"सालोमी. गिरीज गावची."

"तिला काय सांगत होता?"

हरिभाऊंची नजर दाराआडच्या सतरंजीकडे गेली. मंदाने निवडलेल्या तांदळाचं ताट उचललं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली.

ते काय सांगत, हे त्यांना चांगलं आठवत होतं. शेवटच्या रांगेसाठी शिट्टी नव्हती. तिथे ते आवाज खाली आणून म्हणत, बाळा, माझ्या शिट्टीकडे लक्ष देऊ नकोस. पुढच्याकडे बघू नकोस. तुझा हात जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत ने, तिथे जरा थांब, आणि परत ये. उद्या तो कदाचित तिथपर्यंतही जाणार नाही, तरी चालेल. तू फक्त रांगेत उभी राहा. हेडमास्तर एकदा कुरकुरले होते की पाहुण्यांसमोर ही रांग बरी दिसत नाही. हरिभाऊंनी ऐकून घेतलं आणि रांग ठेवली. इतक्या वर्षांत ते मागच्या रांगेपाशी हजारदा गेले होते. पण तिच्यात स्वतः कधी उभे राहिले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी सतरंजी मागितली.

यापुढे काही चमत्कार झाला असं सांगता आलं असतं तर सांगायलाही बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. सतरंजीवर उतरायलाच त्यांना इतका वेळ लागे की उतरल्यावर दमून नुसतं पडावंसं वाटे. कंबर जमिनीला टेकवायची, श्वास सोडायचा. आकडे जिभेवर येत, ते गिळायचे. आकड्यांविना त्यांना मैदानात एकटं सोडल्यासारखं वाटे. एखादा दिवस पाठ मऊ असे, तर दुसऱ्या दिवशी कारण नसताना पुन्हा लाकूड होई. तेव्हा ते छताकडे बघत पडून राहत आणि त्यांना या सगळ्याचा, पाण्याचा, जिन्याचा, म्हातारपणाचा मनस्वी कंटाळा येई. मग ते सालोमीला म्हणत त्याच आवाजात स्वतःला म्हणत, जाईल तिथपर्यंत. एकदा हे मोठ्याने म्हटलं गेलं आणि स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज क्षणभर थांबला.

संक्रांत गेली, शिमगा गेला. नळाची धार आणखी बारीक झाली. कधी एके सकाळी हरिभाऊंनी पलंगाच्या कडेवर बसून पायमोजे स्वतः चढवले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मंदाच्या आलं. त्या दिवशी चहात आलं पडलं. प्लासिड मास्तर आले तेव्हा हरिभाऊ सतरंजीवर मांजर झाले होते. प्लासिड दारातच थबकले आणि म्हणाले, दूध आणायला हवं होतं, केळी कशाला आणली. हरिभाऊ तसेच ओणवे राहून हसले, आणि हसताना पाठ दुखली नाही.

ओझं उचलू का, असं त्यांनी घरी आलेल्या अश्लेषाला विचारलं. हंडा नाही, ती म्हणाली. लहान काहीतरी, तेही अर्धं, छातीशी धरून, आणि कमरेतून वाकायचं अजिबात नाही, गुडघे वाकवायचे. एकेक जिना चढून थांबायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते देवघरातली पितळी कळशी घेऊन खाली गेले. नळावर गर्दी होती. त्यांना बघून बायका बाजूला झाल्या, आणि विघ्नेश तर हातातली बादली ठेवून धावून यायच्या तयारीत उभा राहिला. मंदाने कळशी नळाखाली धरली, भरू लागली तशी काढून घेतली, आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवली, म्हणजे त्यांना वाकावं लागू नये. निम्मीसुद्धा भरली नव्हती. शाळेतलं पहिलीचं पोर ती नाचत घेऊन गेलं असतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरिभाऊंनी ती दोन्ही हातांनी छातीशी घेतली आणि चढायला लागले.

मंदा हंडा घेऊन मागून येत होती. पहिल्या मजल्यावर ते थांबले, तशी तिलाही थांबावं लागलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुन्हा थांबले. मंदाने हंडा टेकवला. इतके महिने वरून ऐकलेला तो आवाज हरिभाऊंनी पहिल्यांदा जवळून ऐकला. त्याच्या पाठोपाठ जे येई ते काहीच नाही असं त्यांना वरून वाटायचं. तो तिचा श्वास होता. ती कठड्याला टेकून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती, आणि एक हात गुडघ्यावर होता.

"व्हा ना पुढे," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत मागे."

"खोळंबू देत." ते कळशी धरून तसेच उभे राहिले. "उद्यापासून सतरंजीवर तूही ये."

"मला कुठे वेळ आहे?"

"माझी ही कळशी वर जाईल, तेवढाच वेळ काढ. रोज तुझी एक खेप अर्ध्या कळशीने हलकी होईल. तेवढ्यात जमेल तेवढं."

"मला वाकवत नाही, अहो. पोरीबाळी हसतील."

"हसू देत. मागच्या रांगेला कुणी बघत नाही," हरिभाऊ म्हणाले. "मी आहे तिथे."

मंदाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कळशीकडे पाहिलं, आणि पदराने तिच्या काठाशी आलेला थेंब टिपला. हंडा उचलताना, रोजच्यासारखा हिसका न देता, तिने आधी गुडघे वाकवले. अश्लेषा हे हरिभाऊंना सांगत होती तेव्हा मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

ते दोघे वर चढू लागले. खाली नळाचा आवाज बारीक होत चालला होता, आणि अजून एक खेप राहिली होती.