डांबर वाळू दे

मी एका गाडीचा रंग बोलतोय. गाडी नवी, मीही नवाच, आणि तरी माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली आहे की आज गप्प बसणं मला जमायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. उघड्या पत्र्यावर आधी अस्तर चढलं, त्यावर माझा फवारा, माझ्यावर एक पारदर्शक थर, आणि मग आम्हा सगळ्यांना भट्टीत भाजून काढलं. हे सोसलं ते कशासाठी? ऊन, पाऊस, चिखल, खडी आधी माझ्या अंगावर यावी, पत्रा गंजू नये आणि माणसांना हवं तिथं जाता यावं म्हणून. ते काम मी आनंदानं केलं असतं.

पण पडलो आमच्या मालकाच्या हाती! विम्याच्या कचेरीतला माणूस, तसा सज्जन. गाडी घरी आली त्या दिवसापासून त्यानं मला तळहाताच्या फोडासारखं जपायला घेतलं. सकाळी दात घासायच्या आधी कोरडं फडकं घेऊन मला खसाखसा पुसायचा. अरे बाबा, धूळ म्हणजे बारीक वाळूच की! आधी पाणी सोडून ती निघू द्यावी, मग मऊ ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसावं, तेही सावलीत. हे सगळं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक त्यानं खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. एखाद्या दिवशी पुसलं नाही, तर धुळीसकट वरून कव्हर घालायचा, आणि वारा सुटला की ते कव्हर दिवसभर मला घासत बसायचं. उन्हात बघा माझं बॉनेट. सगळीकडे बारीक गोल गोल ओरखडे आहेत, आणि ते सगळे त्याच्या मायेचे आहेत.

घरातल्यांना तर शिस्तच लावली होती. बायकोनं बांगड्या मागे सारून दार उघडायचं. म्हाताऱ्या वडिलांनी काठी आधी त्याच्या हातात द्यायची, मग आत बसायचं.

हेही मी गिळलं असतं. पण वडिलांचं जे झालं ते मला गिळवत नाही.

त्यांची थोरली बहीण, आक्का, डोंगरापलीकडे राहते. आई लहानपणीच गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. तिची नजर झपाट्यानं जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. एक दिवस तिचा फोन आला. वडील माझ्याशेजारी ओट्यावर बसले होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"सगळं धुरकट होत चाललंय रे. तुझं तोंड एकदा बघू दे मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

वडील तसेच उठले. "चल, आजच निघू."

"बाबा, तिकडे रस्त्याचं काम चाललंय," मालक म्हणाला. "ओलं डांबर, सुटी खडी. नव्या रंगाची पार वाट लागेल. डांबर वाळू दे, मग जाऊ."

"मग मी बसनं जातो."

"दारात गाडी असताना? आणि हे असले गुडघे घेऊन? लोक काय म्हणतील मला!"

मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. अरे, डांबराचे शिंतोडे फडक्यावर डांबर काढायचं औषध घेऊन पुसले की निघतात! खडीनं टवका उडाला तर तेवढ्यापुरता रंग लावता येतो. मी असतो कशाला मग?

पण डांबर काही वाळेना. मग पाऊस आला, मग दुसरा थर पडला. वडील रोज इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर येऊन बसायचे. पुढे पुढे त्यांनी विचारणंही सोडलं.

शेवटी गेलो एकदाचे. रस्ता असा की एक खडा उडाला नाही. आक्का दारातच उभी होती. वडिलांनी हाक मारली तशी ती आवाजाच्या रोखानं वळली आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपू लागली.

"वाळलास रे. आणि केस कुठे गेले?"

"आक्का, दिसतोय का मी?"

"आता नाही रे. मागच्या महिन्यापर्यंत जरा दिसत होतं."

मग तिनं भाच्याला हाक मारली. "गाडी घेतलीस म्हणे! दाखव की आत्याला."

मालकानं तिचा हात धरून माझ्यावर टेकवला. हातातल्या बांगड्या माझ्यावर खरखरल्या, पण त्यानं तो हात तसाच धरून ठेवला.

"अगंबाई, किती गुळगुळीत! रंग कोणता रे?"

मालकानं वडिलांकडे बघितलं.

"सांग की तिला," वडील म्हणाले. "नीट सांग, कसा दिसतो ते."

तो मान खाली घालून उभा राहिला. आणि मी, अंगावर एकही टवका नसलेला, त्या दारात असा काही जळत होतो की भट्टीतही एवढा जळलो नव्हतो.

तुमच्याकडे नवी गाडी असेल तर मला पाण्यानं धुवा, मेण लावा, सावलीत ठेवा. पण कोणी वाट बघत असेल तर खुशाल डांबरातून न्या मला. खडीतून न्या. मी त्यासाठीच आहे!

आक्का, मी निळा आहे. तुमच्या भावाला घेऊन यायला मी पहिल्या दिवसापासून तयार होतो.