चोराची सर्दी

थोरलीचा चोर वीस वर्षं काळापांढरा होता आणि तेवढ्या काळात त्याला एकदाही शिंक आली नव्हती. लांबलचक नाक, तिरपे डोळे, भिंतीला चिकटून चालायची सवय. नाव नाकाड्या. मुलांच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर थोरली काढायची त्या चित्रकथेत तो दर आठवड्याला कुणाच्या तरी घरात शिरायचा, काहीतरी घोळ घालायचा आणि हात हलवत परत जायचा. त्याला पाहून पोरं टरकतात, अशी थोरलीची पक्की समजूत. टरकलेलं पोर तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण वीस वर्षांत एकाही वाचकाचं पत्र आलं नव्हतं, आणि भ्यालेली माणसं पत्रं लिहीत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

मग साप्ताहिक रंगीत झालं. संपादकांचा फोन आला, "रंगवणारं माणूस तुम्ही शोधा, नाहीतर आमचा कॉम्प्युटरवाला भरेल."

कॉम्प्युटरवाल्याचे रंग थोरलीने पाहिले होते. त्यापेक्षा घरातली धाकटी जाऊ परवडली. धाकटीने बारा वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात लाकडी बाहुल्या रंगवल्या होत्या. कारखाना बंद पडल्यापासून ती घरात दिसेल ती बरणी रंगवत सुटली होती.

थोरलीने जेवणाच्या टेबलावर नियम सांगितले. "रेषेला हात लावायचा नाही. मी मोकळं सोडलंय तिथेच रंग. कळलं?"

"कळलं, ताई."

संध्याकाळी पान वाळून समोर आलं. थोरलीने चष्मा लावला, काढला, पदराने पुसून पुन्हा लावला. रेघ एकही हललेली नव्हती. डोळे तिरपेच, पावलं चोरटीच. पण खोलीभर दिव्याचा पिवळा उजेड पडला होता, भिंती साईसारख्या मऊ झाल्या होत्या आणि नाकाचा शेंडा लालभडक होता.

"अगं, माझ्या चोराला सर्दी केलीस!"

"नाक मोकळं होतं, ताई."

होतंच. शेंड्यावरची काळी सावली भरायची थोरलीच विसरली होती. आणि बारा वर्षं बाहुल्यांचे गाल रंगवलेला हात मोकळी गोलाई दिसली की लाल रंगात बुडणारच. आता वेळही नव्हता, साप्ताहिकाचा माणूस पान न्यायला दारात उभा होता. पान गेलं.

पुढच्या आठवड्यात सतरा पत्रं आली. 'नाकाड्याला गरम पाणी द्या.' 'नाकाड्याला औषध कडू लागतं का?' एकीने तर पाकिटातून घडी घातलेला रुमालच पाठवला. संपादक फोनवर नुसते उड्या मारत होते. "रंगवणाऱ्या बाईंना सांगा, कमाल केली!"

थोरलीने काही सांगितलं नाही. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. वीस वर्षं पोसलेला चोर दुसरीने आठवड्यात पळवला होता. तोही आपला राहिला नाही तर आपलं असं राहिलं काय?

मग तिने सूड उगवायचा ठरवला. पुढच्या वेळी पानभर एकच चित्र काढलं, एका घराबाहेर उभा असलेला नाकाड्या. आकाश काळं केलं, झाडं काळी, भिंत काळी, छप्पर काळं. नाकावर तर दोनदा शाई फिरवली. अर्धी दौत संपली. पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी तेवढी मोकळी ठेवली आणि पान धाकटीपुढे सरकवलं.

"घे. भर रंग."

धाकटीने पानाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "एवढंच?"

"नियम तोच."

धाकटी बशी घेऊन बसली. पिवळा घोटला, त्यात थेंबभर नारिंगी घातला, चिंधीवर उतरवून पाहिला, पुसला, पुन्हा घोटला. तिकिटाएवढ्या खिडकीला तिने अख्खी दुपार घेतली. थोरली चहाचा कप घेऊन हसायला म्हणून आली आणि तिथेच थांबली.

काळं सगळं तिनेच भरलेलं होतं. पण आता ते गार लागत होतं. सगळी ऊब त्या खिडकीच्या आत होती, आणि नाकाड्या बाहेर उभा राहून तिकडे बघत होता. हा घरांत शिरतो तो चोरीसाठी, असं थोरली वीस वर्षं धरून चालली होती. त्याने कधी कुणाची साधी वाटी नेली नव्हती. तिनेच काढलं होतं सगळं, आणि तिलाच दिसलं नव्हतं. तिने चहा न पिताच कप खाली ठेवला.

"चुकलं का हो ताई?" धाकटी घाबरली. "ओलं आहे तोवर टिपून घेऊ?"

"खबरदार हात लावशील तर!"

मग थोरलीने कपाटातून सतरा पत्रं आणि रुमाल काढून टेबलावर ठेवला. "तुझी आहेत. आणि संपादक म्हणाले, कमाल केलीस. सोमवारीच म्हणाले होते. मी सांगितलं नाही."

"माहितीय मला."

"कसं?"

"मंगळवारी त्यांनी पुन्हा फोन केला होता. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

"आणि चार दिवस गप्प बसलीस?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा ऐकू."

 थोरलीने कोरा कागद ओढला, नाकाड्या काढला आणि त्याच्या गळ्याभोवती जाडजूड मफलर गुंडाळला. टाक दौतीत बुडवला, तो तसाच धरून बसली. मग धाकटीकडे न बघता तिने विचारलं, "याचा रंग कोणता गं?"

"आधी नाक मोकळं सोडा," धाकटी म्हणाली, "मग सांगते."

थोरलीने नाक मोकळं सोडलं.