बरोब्बर अकराला येणारी

अर्धं शटर ओढलेल्या गोदामात शंभरेक माणसं घड्याळाकडे डोळे लावून बसली होती. मध्ये खुर्चीवर माझी ताई. अकराला पाच कमी असताना तिचे हात थरथरायला लागले. मग दरदरून घाम, मग जीभ जड, आणि मला, सख्ख्या भावाला, ती विचारते, "कोण तुम्ही?"

"आली," बाटलीबाबा म्हणाला. "नऊला पेला पाजला तेव्हाच सांगितलं होतं मी. बरोब्बर अकराला येणार."

त्याने मंतरलेल्या पाण्याचे चार घोट पाजले. पंधरा मिनिटांत ताई भानावर. लोकांचे हात जोडलेले, आणि दाजी, तिचा नवरा, रडतोय.

"वजन कमी करायला पोट कापलंत ना?" बाबा म्हणाला. "आतली खोली रिकामी झाली, भाडेकरीण शिरली. आता रोज नोटीस द्यायची. सकाळी नऊला पेलाभर, आणि ती आली की चार घोट."

ऑपरेशनमध्ये पोट लहान करतात हो. खोली आणली कुठून? पण आम्हाला हसू फुटत नव्हतं. ताई पुठ्ठा कापायच्या मशीनवर कामाला. मागच्या महिन्यात पात्यापासून वीतभर अंतरावर कोसळली. सुपरवायझर म्हणाला, पुन्हा झालं तर घरीच बसा. दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं, साखर नॉर्मल. तो रिपोर्ट दाजी खिशात घेऊन फिरायचे. "डॉक्टरला सापडत नाही म्हणजे बाहेरचंच काहीतरी."

आता माझं सांगतो. मी उभा जन्म लोकांच्या चहात मीठ घालण्यात घालवला. कुणी भांड्यावर पहारा ठेवला की मला खाज सुटते. बाबाच्या बाटल्या पाणी भरलेल्या परातीत उभ्या. का? मुंग्या चढू नयेत म्हणून. मी गुपचूप एका बाटलीच्या तोंडावर बोट फिरवून चाटलं. पाणी कसलं, पाक होता.

दाजींना सांगितलं. म्हणाले, "तुझ्या थट्टेला काळवेळ आहे का रे? बायको चाललीय माझी." ही माझ्या जन्मभराच्या मिठाची कमाई.

मग ऑपरेशन झालं होतं त्या हॉस्पिटलातल्या नर्सबाईंना गाठलं. त्यांनी एकच विचारलं, "झटका आला तेव्हा साखर मोजली का कुणी?"

नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या गर्दीत येऊन बसल्या. अकराला ताईच्या बोटाला सुई टोचली. साखर बेचाळीस. सत्तरच्या वर हवी.

ताई भानावर आल्यावर त्यांनी विचारलं, "मशीनवर कोसळलात त्याआधी काय खाल्लं होतं?"

"मैत्रिणीचा वाढदिवस होता. केक, वर दोन ग्लास सरबत."

सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, "आयुष्यभर माझ्या चहात मीठ घातलंस. आता काय घालायचं ते घाल."

पुढच्या सकाळी ताईने घरी अंडी आणि उकडलेले हरभरे खाल्ले. नऊला गोदामात दाजींनी तिला पेला पाजला. बाबा गरजला, "अकराला येणार."

अकरा वाजले. ताई बसलेली. सव्वाअकरा. ताईने जांभई दिली. साडेअकराला मागून एक आजी म्हणाल्या, "भाडेकरणीची बस चुकली वाटतं."

बारा वाजले. नर्सबाईंनी साखर मोजली. ब्याण्णव.

बाबा चटकन उठला. "बघा, पळाली. माझ्या पाण्याचा गुण."

"महाराज," मी म्हणालो, "तुमचं पाणी माझ्या खिशात आहे." आणि बाटली काढली. "ताई प्यायली ते नळाचं. चहात टाकतात त्या बिनसाखरेच्या गोड गोळ्या घातलेलं."

नर्सबाईंनी समजावलं. या ऑपरेशननंतर काहींचं गोड खाणं झटकन आतड्यात उतरतं. साखर एकदम चढते, शरीर घाबरून जास्तीचं इन्सुलिन सोडतं, आणि दोनेक तासांत साखर पार तळाला. त्या वेळी पाक पाजला की माणूस उठतो. पण नऊचा पाकच अकराचा झटका आणत होता. बाबाला इन्सुलिन ठाऊक नव्हतं. दोन तास मात्र चोख ठाऊक होते.

दाजींच्या हातात रिकामा पेला होता. "मीच पाजत होतो तिला," ते म्हणाले. "रोज. माझ्या हाताने."

ताईने पेला काढून घेतला. "उद्यापासून अंडी उकडा," ती म्हणाली.

आता थोडं थोडं खाते, गोड पितच नाही, डॉक्टरांकडे नेमाने जाते. मशीनवर परत उभी राहिलीय. तुमच्या घरात कुणी असं थरथरलं तर आधी साखर मोजा. शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, ते लिहा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाहेरचं शोधत सुटू नका. आणि कुणी मंतरलेलं पाणी दिलं, तर थेंबभर जमिनीवर सांडा. मुंग्यांना थाप मारता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.