मालनताईंची काळी बीयर

भाजलेल्या सातूचा करपट-गोड गंध मालनताईंच्या वस्त्रांत असा मुरलेला असे, की त्यांच्या आधी तोच दारातून आत येई. केडगावच्या बौद्धवस्तीत वाढलेल्या, रसायनशास्त्र शिकलेल्या ताई शिक्रापूरजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात बीयर बनवीत. मी त्यांच्या हाताखाली टाक्या सांभाळी.

त्यांची काळी पोर्टर बीयर म्हणजे संयमाची दीर्घ साधना होती. करपण्याच्या उंबरठ्यापर्यंत भाजलेला सातू गरम पाण्यात मुरवायचा, गाळलेल्या गोड काढ्यात पाटसकडची काकवी घालून तो उकळायचा, आणि निववून आठवडेच्या आठवडे आंबू द्यायचा. "कडक पायजे, पन घशाला टोचाया नको," त्या म्हणत. "टोचली म्हंजी आपन घाई केली."

फाल्गुनातल्या त्या पांढऱ्याफटक दुपारी काढ्याला नुकतीच उकळी फुटली होती आणि जागामालकांचा धाकटा भाऊ विलास पहार घेऊन आत शिरला. आठवड्यापूर्वी दारात ट्रक आडवा लागला म्हणून त्याने आमच्या एका बिहारी कामगाराला पट्ट्याने मारून रक्तबंबाळ केले होते, आणि ताईंनी ठाण्यात जाऊन साक्ष लिहून दिली होती.

"साक्ष मागं घे."

"न्हाई घेनार. मी डोळ्यानं पाह्यलंय."

"आमच्या जागेत उभं ऱ्हाऊन आमालाच शिकवती? तुमची लायकी काय?"

पहिला घाव ताईंच्या डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा तो कोरडा, तुटक ध्वनी मला स्पष्ट ऐकू आला. दुसरा घाव त्यांनी वाकून चुकवला. तो टाकीच्या बुडच्या तोटीवर आदळला, तोटी उखडली, आणि उकळता काळा काढा विलासच्या मांड्यांवर उसळला. तो घसरून त्याच प्रवाहात पडला. त्याची किंकाळी पत्र्यांवर आपटून परतत राहिली आणि मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

पुढे झाल्या त्या ताईच. उजव्या हाताने त्यांनी त्याची कॉलर धरली, त्याला वाफेतून फरफटत बाहेर ओढले.

"आरं बघतोस काय? पान्याचा नळ सोड!"

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या त्याच्या पायांवर गार पाणी सोडत बसल्या. मोडलेला हात मांडीवर निपचित पडलेला, पावलावर काढ्याच्या शिंतोड्यांनी फोड आलेले. विलास लहान मुलासारखा रडत होता, "ताई, ताई," म्हणत होता. तोवर टाकी रिती झाली होती.

पुढे दवाखान्यात विलासचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे जागामालक, आले. पांढऱ्या मिशांचे ते गृहस्थ हात जोडून म्हणाले, "ताई, तुमी त्याला वाचिवलं. आता तेवढी साक्षबी..."

"आबा, पानी वतलं ते मानूस भाजत हुता म्हनून. साक्ष दिली तीबी मानसाला मारलं म्हनून. दोन्ही मागं घेता यायचं न्हाई."

कोर्टात ताईंची साक्ष टिकली, विलासला शिक्षा झाली. जागामालकांनी जागेचा करार मोडला, कारखाना बंद पडला, आणि ताई दूर कुठल्याशा शहरात कामाला निघून गेल्या. डावी मूठ त्यांची पुन्हा कधी पुरती मिटली नाही.

भिंतीपासून दोन पावले मी पुढे का गेलो नाही, हे आता मला कोणी विचारत नाही. काळ दयाळू असतो तो असा, साक्षीदारांना पांगवून. आणि निर्दयही असतो तो असाच, की ज्या एका माणसापुढे उत्तर द्यावेसे वाटते, तेवढाच माणूस तो दूर नेऊन ठेवतो.