डाव्या गालाची कड

नंतर

"ताई, हे बघा. यांचा डाग पूर्ण गेला की हो!"

दादरच्या लेझर क्लिनिकमध्ये शेजारी बसलेल्या प्रितीनं फोटोंची फाईल कालिंदीपुढे सरकवली. प्रितीच्या मांडीवर पाच महिन्यांचा राजस झोपला होता. कपाळापासून पापणीपर्यंत लालभडक खूण, जन्मापासूनची.

पानावर दोन फोटो. पहिल्यात गालावर कोकमाच्या आगळासारखा डाग. दुसऱ्यात तोच गाल, स्वच्छ. कानात मोत्यांच्या कुड्या.

कालिंदीनं कानाला हात लावला. कुड्या होत्या. गालावर डागही होता. आठ सिटिंगांनी फिका गुलाबी झालेला, पण होता. प्रितीनं तिला ओळखलं नव्हतं.

"ह्या फोटोवरच मी हो म्हटलं," प्रिती म्हणाली. "राजसचापण अस्साच जाणार."

कालिंदीनं काउंटरवरच्या ब्रेंडाला हळूच विचारलं, "हा कुणी दिला?"

"तुमच्या मिस्टरांनीच मेल केला ना! आम्ही ट्रीटमेंटनंतरचा फोटो मागितलेला. काय मस्त आलाय!"

आधी

एकोणीस वर्षांपूर्वी. गिरगावात, बघण्याचा कार्यक्रम. कालिंदी नेहमीसारखी डावा गाल भिंतीकडे करून बसलेली. पोस्टातल्या नोकरीत खिडकीवरही तशीच बसायची. फोटो स्टुडिओवाला विनीत पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला, "खरं सांगू? मला तो दिसतच नाही."

त्या वाक्यावर तिनं भिंत सोडली. पुढे लेझर केलं ते स्वतःसाठी. प्रत्येक वेळी दहा दिवस काळेनिळे ठिपके घेऊन ती खिडकीवर बसली. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता याहून फिका होणार नाही. तिला तेवढं पुरत होतं.

मध्ये

क्लिनिकमधून ती तडक स्टुडिओत आली. विनीत पासपोर्ट फोटो कापत होता.

"माझा डाग पुसलास?"

"अगं, थोडं फिनिशिंग. सगळ्यांचंच करतो."

"करून दाखव."

तो हसला. ती हसली नाही. मग त्यानं फोटो मोठा केला. माउस कानाच्या पाळीखालून निघाला, गालफडाला वळसा घालून ओठाच्या कोपऱ्याशी बारीक टोकावर थांबला. कुठेही अडखळला नाही. पावडर लावताना तिलासुद्धा डागाची कड इतकी नेमकी सापडत नसे.

"पाठ आहे तुला."

"लग्नाच्या अल्बमपासून करतोय, कालू. तुला बरं वाटावं म्हणून."

अल्बममध्ये डाग पुसट दिसायचा. लाइट चांगला होता, असं तोच म्हणायचा.

ती स्टुलावर बसली. "आत्ता काढ. नंतर हात लावायचा नाही. क्लिनिकमध्ये एक बाई बाळाला घेऊन बसलीय, तिला द्यायचाय."

त्यानं कॅमेरा उचलला. "मान जरा डावीकडे…" तो सवयीनं म्हणाला.

कालिंदीनं मान उजवीकडे वळवली. डावा गाल दिव्यासमोर आला. ती तशीच बसून राहिली.

कॅमेऱ्यामागून बराच वेळ क्लिक आला नाही.